नाव न लिहिलेला बायोडाटा

आमच्या जबलपुरात मराठी घरात मुलगी लग्नाची झाली, की तिची आई आधी राइट टाउनला माझ्याकडे येते आणि मग गुरुजींकडे जाते. फुशारकी नाही मारत, आहे ते सांगते. जन्मभर मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात टायपिस्ट होते. निवृत्त झाले, घरी कॉम्प्युटर आला आणि सगळ्यांचे बायोडाटे टाईप करायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं. ते मला आवडतं. मात्र टेबल माझं, तर नियमही माझे. त्यातला एक असा, की मुलीचं नाव मी टाईप करत नाही. कागद छापायचा, कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं आणि नाव आईनं स्वतःच्या हातानं लिहायचं. माझ्या वेळी माझ्या आईनं असंच लिहिलं होतं.

दुसरी माझी सवय म्हणजे एकच फाईल. जन्मतारीख, उंची, गोत्र, मामेकुळ, अपेक्षा, चौकट तर सगळ्यांची तीच. मग दर वेळी नवी कशाला आखा? मागच्या मुलीचं खोडायचं, पुढच्या मुलीचं भरायचं. ही फाईल इंटरनेटवर ठेवलेली. ती आपली आपण सेव्ह होते आणि आधीची प्रत्येक आवृत्ती पोटात सांभाळून ठेवते. मला तर ती देवाचीच सोय वाटायची. गणपतीत मंडळाची स्मरणिका आमच्या एका काकांनी कुठलं तरी बटण दाबून सफाचट केली होती. काका घाम पुसत उभे. मी दोन मिनिटांत आदल्या दिवशीची प्रत बाहेर काढून दिली. तेव्हापासून मंडळात मला कोणी शिकवायला येत नाही.

आणि हेच तर मला कळायला हवं होतं! कारखान्यात गोपनीय पत्र टाईप झालं की आम्ही कार्बन साहेबांसमोर जाळायचो, कारण कार्बनवर अक्षर न् अक्षर उमटलेलं असायचं. ती अक्कल मी निवृत्तीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकातच ठेवून आले होते म्हणायचं.

झालं असं. माझ्या जुन्या मैत्रिणीची मुलगी एका दुपारी बायोडाटा करायला आली. एकटीच. रेल्वेत नोकरीला, मोजकं बोलणारी. मी विचारत गेले, ती सांगत गेली आणि मी टाईप करत गेले. शेवटी ती म्हणाली, "काकू, एक राहिलं. लिहा, पहिलं लग्न झालं होतं, सहा महिन्यांत घटस्फोट." मी तिच्याकडे पाहिलंच नाही. लिहिलं. तिच्या घराबाहेर हे कोणालाच माहीत नव्हतं. लग्न दूर, मुलाच्या गावी झालेलं. इथे सगळ्यांना सांगितलं होतं, की तिची बदली झाली होती.

ती ओळ ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "काढून टाका. लपवून नाही राहिले मी. मुलगा समोर बसला की पहिलं हेच सांगीन. पण कागद दहा घरी फिरतो ना." मी म्हटलं, बरोबर आहे बाई तुझं, आणि ओळ पुसली. "गेली ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "गेली. मी पुसलेलं परत येत नसतं." असं बोलले मी. ठणकावून!

तिच्यानंतर त्याच फाईलवर मी माझ्या सख्ख्या भाचीचा बायोडाटा केला. स्थळ नागपूरचं होतं, बहिणीच्या लांबच्या नात्यातल्या नणंदेनं आणलेलं. या आत्याबाईंना कागद नको होता, मोबाईलवर पाहिजे होता. म्हणून त्या एका वेळी मी नाव टाईप केलं. मग त्यांच्या सूचना सुरू झाल्या. उंची फुटात लिहा, वडिलांचा हुद्दा वर घ्या. चौथ्या फोनला माझं डोकं फिरलं. मी फाईलची लिंकच पाठवली, बदल करायच्या परवानगीसकट. म्हटलं, घ्या, काय मांडायचं ते मांडा.

त्यांनी ती लिंक तशीच मुलाकडे पाठवली. मुलाचा भाऊ कॉम्प्युटरवाला. त्यानं जुन्या आवृत्त्या उघडल्या.

संध्याकाळी आत्याबाईंचा फोन. "अहो, बायोडाट्याच्या खाली दुसराच बायोडाटा निघून राहिला! पहिलं लग्न, घटस्फोट... जन्मसालही बदललं म्हणते तो मुलगा. तुम्ही लोकांनी आम्हाला काय समजलं?" योगायोगानं गोत्र तेच, उंची तीच आणि त्या जुन्या आवृत्तीत नावाची जागा कोरी. त्या सरळ धरून चालल्या होत्या, की हा आमच्याच पोरीचा खरा बायोडाटा आहे.

मी सांगितलं, चूक माझी, मजकूर दुसऱ्या मुलीचा. त्या म्हणाल्या, "मग नाव सांगा तिचं. आम्ही विचारून खात्री करून घेतो, विषय संपला."

नाव सांगायचं! जबलपुरातल्या आमच्या मंडळात लग्नाच्या मुली बोटावर मोजण्याइतक्या आणि आत्याबाईंना त्या सगळ्या ठाऊक. मी म्हटलं, "पोरीची शाळेची कागदपत्रं पाठवते, कोणालाही विचारा. दुसरीचं नाव मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी बहीण आली. पाहुण्यांना भेडाघाटला नावेत कधी बसवायचं इथवर तिनं ठरवून ठेवलं होतं. चप्पल न काढताच सुरू झाली. "तू काहून अशी करून राहिली? परक्या पोरीसाठी माझ्या पोरीचं मोडते? एक नाव सांग अन् मोकळी हो!" रडत होती ती. भाची म्हणजे माझ्याच मांडीवर वाढलेली. तो मुलगा तिला आवडला होता, हेही मला माहीत होतं.

बहीण म्हणाली, निदान त्या मुलीला विचार तरी. ते मी रात्रभर घोळवलंच होतं. पण अशा वेळी विचारणं म्हणजे मागणंच झालं. ती भिडस्त पोरगी, नको कशी म्हणणार? माझ्या हातून झालेली चूक, आणि किंमत तिनं मोजायची? नाही जमणार.

तेवढ्यात भाची आली. ओमती भागातून स्कूटीनं, हेल्मेट हातात. आईचं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मावशी, तिने तुला सांगायची परवानगी दिली होती?"

"नाही."

"तो फिर बात खत्म. ज्यांना माझे पेपर बघूनही दुसरीचं नाव पाहिजे, त्यांच्या घरी मी काय करू?" बोलताना तिचा आवाज हलला, पण नजर नाही हलली. स्थळ मोडलं. बहीण दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

त्याच दिवशी भाचीला शेजारी बसवून मी ती फाईल आवृत्त्यांसकट कायमची काढून टाकली. कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. मंडळाच्या कामाला ती सोय मी आजही वापरते, खुशाल वापरते. पण जी सोय बुडालेलं वर काढते, ती पुरलेलंही वर काढते. बायोडाट्याला आता दर वेळी नवी फाईल, हाती द्यायचा तो फक्त कागद, आणि काम झालं की फाईल साफ. कार्बन जाळायचा तो जाळायचाच.

या महिन्यात मैत्रिणीची मुलगी लग्नाची पत्रिका घेऊन आली. मुलाला पहिल्याच भेटीत तिनं सगळं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, चहा गार होतोय. हे सांगताना किती हसली ती! भाची तेव्हा माझ्याकडेच होती. तिनंच पत्रिका हातात घेतली.

आता सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. पण तीच आधी बोलली, जराशी बावरून. "काकू, घरात लग्नाची मंडळी येतील आता, म्हणून विचारते. माझी ती ओळ पुसली होती ना तुम्ही? नक्की?"

मी भाचीकडे पाहिलं.

"पुसली दीदी," भाची म्हणाली. "माझ्यासमोर पुसली."