मागितलेला गुलाब लागत नाही

आमच्या आळीत एक शास्त्र आहे: मागून आणलेला गुलाब लागत नाही, चोरून आणलेलाच लागतो. मी महाडच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे शास्त्र मला मान्य नव्हतं. आळीला माझं विज्ञान मान्य नव्हतं. फिट्टंफाट.

माझ्या अंगणात रानगुलाब होता. पाचच पाकळ्या, फिकट गुलाबी, आणि काटे सासरच्या माणसांसारखे, जाता-येता टोचणारे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून, माहेरच्या बांधावरून, आईने तो ओल्या फडक्यात गुंडाळून दिला होता. पुढे आई गेली. रस्ता रुंद करताना जेसीबीखाली बांधही गेला. माहेर म्हणून उरलं ते एवढं झुडूप, आणि तेही एकच, म्हणून जिवाला घोर.

रोपं वाढवावीत म्हणून मी फांद्या लावल्या. तिरका छेद, मुळं फुटायची पावडर, वर प्लास्टिकची पिशवी, सगळं पुस्तकाप्रमाणे. मुळं फुटली का, हे पाहायला दर चौथ्या दिवशी उपटूनही बघायचे. एकही जगली नाही.

इकडे बाया मी शाळेत गेले की फांदी मोडून न्यायच्या, टोकाला शेणाचा गोळा लावून डालड्याच्या डब्यात खुपसायच्या आणि विसरून जायच्या. त्यांचे गुलाब कठड्यावर चढले. मी फाटकावर पाटी लावली, 'फांद्या तोडू नयेत. हवी असल्यास मागावी.' मागायला कोणी फिरकलं नाही. एकदा लवकर घरी आले, तर समोरच्या माडीवरच्या काकू फांदीसकट सापडल्या. त्यांचे यजमान एमआयडीसीत पाळीला जातात, त्या माझ्या अंगणात.

"काकू, मागितली असती तर दिली नसती का?"

"दिली आसती वो बाई, पन मंग लागली नसती."

मी अंधश्रद्धेवर अर्धा तास बौद्धिक घेतलं. त्यांनी ते नीट ऐकलं आणि फांदी घेऊन गेल्या.

मग पुढच्या पावसात सावित्री गावात शिरली. पाणी ओसरलं तेव्हा अंगणभर चिखल होता आणि झुडूप त्यात कुजून गेलं होतं. मी मोठ्याने रडले. आई गेली तेव्हा पाहुण्यांच्या चहापाण्यात एवढं रडायला मिळालं नव्हतं.

समोरच्या माडीवर काकूंचा गुलाब फुललेला. मागायला मला तोंड नव्हतं. पंधरा दिवस खिडकीतून नुसती बघत बसले आणि शेवटी साखरेची वाटी घेऊन वर गेले. काकूंनी साखर दिली. माझा पाय निघेना.

"बाई, माजा कुकर लावलाय, मी आत हाय," त्या म्हणाल्या. "गॅलरीत कोन नाय." जाताना कात्री कठड्यावर विसरल्या. आत गॅससुद्धा पेटलेला नव्हता.

मी फांदी कापली, पदराखाली लपवली आणि जिना उतरले. घरी येऊन टोकाला शेण लावलं.

महिना झाला. अजून एकदाही उपटून पाहिलेली नाही.