दोन इंजिनांच्या बोटीची खबर

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं वाटतही नाही. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. बंदराला लागून असलेल्या पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. ठाणे अंमलदार जेवायला बसला होता, म्हणून टेबलावरचा फोन मीच उचलला.

तोंडावर रुमाल धरून कोणीतरी बोलत होतं. "तुमच्या हद्दीत एक होडी उभी आहे. दोन इंजिनांची. मालक लालबागचा आहे. होडीचा तळ उघडून बघा, सोनं मिळेल." मी नाव विचारलं, तसा फोन बंद.

खबर खोटी वाटली तरी समुद्राच्या बाबतीत कानाडोळा करता येत नाही. डायरीत नोंद केली, पंच घेतले, कस्टमला कळवलं आणि धक्क्यावर गेलो. बघतो तर काय, पांढरीशुभ्र, लांबट नाकाची स्पीडबोट! मागे दोन दांडगी इंजिनं. जुनी होती, पण अशी राखलेली की आमचा हवालदार गादीवर हात फिरवत पुटपुटला, "साहेब, लोकांची नशिबं बघा. आपण जन्मभर नुसता किनाराच राखला." खोटं कशाला बोलू, माझ्याही पोटात जरा कळ आलीच.

मालक धावत आला. गिरणी कामगाराचा मुलगा. मांडव-सजावटीच्या धंद्यात वर आलेला. बोट त्याने एका बिल्डरकडून घेतली होती, आणि घेतली होती ती डोळे उघडे ठेवून. मिस्त्री नेऊन दोन्ही इंजिनं तपासली, ती सारखेच तास चालली आहेत का ते पाहिलं, तळ ठोकून बघितला, मांडवा बंदरापर्यंत चालवून आणली आणि मगच व्यवहार केला. सुट्टीच्या दिवशी लोकांना अलिबागला सोडायचं, असा त्याचा बेत. कागदपत्रं चोख होती. तरी आम्ही तळाच्या फळ्या उचकटल्या, इंधनाची टाकी रिकामी केली. सोनं सोडा, साधा खिळाही जास्तीचा निघाला नाही. बोटीला मात्र चौकशी संपेपर्यंत सील ठोकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात आला, तो चेहरा पार उतरलेला. "साहेब, बोट गेली तरी चालेल. पण आमच्या पोरीचा साखरपुडा ठरलाय. दादरची माणसं आहेत. त्यांचा फोन आला, जरा थांबू या म्हणतात. अख्ख्या लालबागात मी स्मगलर झालोय."

"काही सापडलं नाही, असं लेखी देतो," मी म्हणालो.

"कागदानं तोंडं बंद होतात काय, साहेब?"

बरोबर होतं त्याचं. पोलिसांनी सोडलं म्हणजे पैसे चारले, असंच लोक धरतात. खबर कोणी दिली आणि का दिली, हे उघड झाल्याशिवाय त्या मुलीचं लग्न सावरणार नव्हतं.

फोनचा नंबर काढला. तो निघाला गिरगावातल्या एका पानवाल्याचा. तो म्हणाला, "एक काका आले होते. मोबाइल बंद पडलाय म्हणाले, म्हणून दिला. सभ्य माणूस होता." मी मालकाला विचारलं, गिरगावात तुझं वाकडं कोणाशी? तो हसला. "वाकडं? गिरगावात फक्त आमचे थोरले साडू राहतात. त्यांना मी दादा म्हणतो. उलट त्यांनाच भेटा, चार गोष्टी शहाणपणाच्या सांगतील."

साध्या कपड्यात गेलो. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, शर्टाला कडक इस्त्री. त्यांच्या पत्नीने, म्हणजे मालकाच्या मेहुणीने, चहा ठेवला. मी साडूंबद्दल विचारलं, तसे गृहस्थ बोलायला लागले. "पोरगा कष्टाळू आहे हो. शिक्षण बेताचंच, पण कष्टाळू. आता त्याला होडीची हौस कशाला, सांगा? आपण मध्यमवर्गीय माणसं. होडी काय पोसायची गोष्ट आहे?"

"अहो, होडी काय म्हणता सारखं?" बाई आतून ओरडल्या. "चांगली दोन इंजिनांची बोट आहे ती."

"पाण्यावर तरंगते ना? मग होडीच."

मी कप खाली ठेवला. आमचा हवालदार, कस्टमवाले, मालक, झाडून सगळे तिला बोट म्हणत होते. तिला होडी म्हणणारी माणसं मला दोनच भेटली: एक फोनवर, आणि एक हा समोर बसलेला. आवाज रुमालात लपवता येतो. पण जळणाऱ्या माणसाच्या जिभेला दुसऱ्याची वस्तू मोठी म्हणवत नाही.

बाईंसमोर काही बोललो नाही. गृहस्थांना ठाण्यात बोलावून घेतलं. पानवाला आधीच येऊन बसला होता. "हेच काका," तो म्हणाला, आणि गृहस्थांनी मान खाली घातली. आवाज चढवायची वेळच आली नाही.

"साहेब, सासरी पहिला मान माझा. गणपतीत आरतीचं तबक आधी माझ्या हातात. याच्याशी मेहुणीने पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा सासऱ्यांची समजूत मी घातली. मी! आणि यंदा सासूबाई त्याच्या बरोबर मांडव्याला जाऊन आल्या, अन् शेजाऱ्यांना सांगत सुटल्या, जावई असावा तर असा. साहेब, जावई तर मी पण आहे ना?"

धाकट्या साडूला, म्हणजे बोटीच्या मालकाला, मी ठाण्यात बोलावून हे सांगितलं. लालबागच्या माणसाची घरची बोली बाहेर पडली. "माझा काय चुकला, ता तरी विचारा तेंका." मग म्हणाला, "केस नको, साहेब. बायकोला एकच बहीण आहे. त्यांनी फक्त दादरला जाऊन खरं सांगावं."

मी म्हटलं, दादरला त्यांना नेतो, पण खोट्या खबरीचा अहवाल जाणारच. कायद्याला साडू नसतो. अहवाल गेला, आणि पुढे कोर्टात गृहस्थ दंड भरून सुटले.

दादरला मी बरोबर गेलो. मुलाच्या आईवडिलांसमोर गृहस्थ उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "फोन मी केला. माझ्या पोटात दुखलं म्हणून केला. मुलीच्या बापाचा यात काही दोष नाही."

मुलाचे वडीलही उठून उभे राहिले. मग म्हणाले, "पोटदुखी आमच्याही घराण्यात आहे, पण कबूल करणारा अजून निघाला नाही. साखरपुडा ठरल्या दिवशीच होईल. तुम्हीही या." मुलाच्या आईने पाणी आणून दिलं.

जिना उतरताना मला राहवलं नाही. "समजा, बोटीत खरंच काही निघालं असतं आणि त्याला आम्ही आत टाकलं असतं, तर?"

"जामिनाला पहिला मी उभा राहिलो असतो," ते लगेच म्हणाले. "चांगला वकील आहे माझ्या ओळखीचा. तुमच्या ठाण्यासमोरून हललो नसतो, साहेब." आणि त्यांचे डोळे भरून आले.

नोकरीत मी चोर पाहिले, खुनी पाहिले. त्यांना काय हवं होतं ते मला कळायचं. या माणसाला काय हवं होतं ते त्या जिन्यात कळलं. त्याला धाकटा साडू एकदा पडलेला हवा होता, हात देऊन उठवण्यापुरता. आणि हात त्याने खरोखरच दिला असता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.