छज्ज्यावरचा माणूस

मे महिन्यातल्या अकोल्याच्या दुपारी आमचा एसी आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला. दुरुस्तीला आलेले गजाननभाऊ म्हणाले, "बाहेरची मशीन उघडावी लागेल." ती चौथ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर, हातभर रुंद छज्ज्यावर होती. त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला, कमरेचा दोर आमच्या लोखंडी पलंगाला बांधला आणि ते बाहेर उतरले. मी घाईघाईने पलंगावर जाऊन बसले. माझ्या वजनाने कितीसा आधार मिळणार होता, कोण जाणे.

मोबाइल वाजला. त्यांची बायको होती.

"ताई, ते बाहेर लटकलेत ना? दुसऱ्यानं फोन उचलला की मला कळतं."

मला खोटं बोलवेना. "हो," मी म्हणाले.

"त्यांना हाक मारू नका, लक्ष उडेल. फक्त फोन ठेवू नका."

मग आम्ही दोघी नुसता एकमेकींचा श्वास ऐकत राहिलो. माझ्या गारव्यासाठी कोणी तरी असं उन्हात उभं राहतं आणि कोणी तरी असं जीव मुठीत धरून बसतं, हे इतक्या वर्षांत मला सुचलंही नव्हतं. तेवढ्यात खाली काही तरी खणकन आपटलं.

"काय पडलं?"

दोर ताणलेलाच होता. "पाना असेल," मी कशीबशी म्हणाले.

"नुसता पानाच ना, ताई?"

खिडकीत गजाननभाऊंचा हात दिसला, मग गुडघा. "आले आत," मी म्हणाले. तिने लगेच फोन ठेवला.

एसी सुरू झाला. "घरी एकदा फोन करा," मी त्यांना म्हटलं.

ते हसले. "तिला कशाची काळजी? तिला वाटतं, मी दुकानात बसूनच काम करतो."