नानांनी केलं ते, आणि राहिलं ते

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. फोन रवीचा, नानांच्या मुलाचा. तो रडत होता... आणि मागून प्रचाराच्या गाडीचा भोंगा ऐकू येत होता. निवडणूक तोंडावर होती, आणि उमेदवार रवीच होता.

नाना माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, चाळीसगावजवळच्या आमच्या गावाचे कितीतरी वर्षं सरपंच. माझी आई लवकर गेली, मी त्यांच्याच घरात वाढले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. याचा मला अभिमान आहे, आणि त्यात नानांचा वाटा आहे. पोरींना कॉलेजला जायला गाडी नव्हती, तर त्यांनी डेपोत ठाण मांडून सकाळची एसटी सुरू करून घेतली. सुरुवातीला स्वतः थांब्यावर उभे राहायचे. एकदा एका टारगटाने शीळ घातली. नाना म्हणाले, "आखो एकदाव वाजाड ना रे भाऊ! तुना बापले बी बलावस, दोन्ही जन आयकूत." पुन्हा कुणी शीळ घातली नाही.

पण खालच्या भिल वस्तीला त्यांनी पाणी दिलं नाही. टाकी झाली, आमच्या आळीत नळ आले, वस्तीचा पाइप मात्र 'पुढच्या वर्षी'वरच राहिला. वस्तीने त्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं, एवढंच कारण. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, मी सरळ विचारलं. नाना म्हणाले, "चुकनं मनं, माय. लोके मना गुन गातीन. तू हाई बी सांगजो."

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर येतात, गुपचूप बसतात, उठून जातात. या वेळी गाड्यांचे ताफे आले, फोटो काढून गेले. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक सुटण्याच्या दिवशी श्रद्धांजलीच्या भाषणांत एकेकाने नानांना देव करून टाकलं. रवी कानाशी लागला, "ताई, तू शिकलेली. मी उभं राहावं ही नानांची शेवटची इच्छा होती, तेवढं सांग."

नानांनी मला तसं काही सांगितलं नव्हतं. आणि खरं बोलले तर हे घर मला बंद होणार, हेही कळत होतं.

मी बोलायला उभी राहिले. एसटीचं सांगितलं, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग पाण्याचं सांगितलं, आणि नानांनी चूक कबूल केली होती तेही. मांडवात मागून एक जण म्हणाला, "घरनीच घर बुडाडं!" पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. रवी अजून बोलत नाही. निकाल काय लागला ते इथे सांगत नाही. त्यावरून मला नानांची किंमत करायची नाही.

परवा धीर करून गेले. दार मोठ्या आईने, नानांच्या बायकोने, उघडलं. मला आत घ्यायला बाजूला झाली. ओसरीत नानांची खाट तशीच होती. मी खाली बसू लागले, तर म्हणाली, "वर बस. मी बी त्यासले पानीनं सांगेल व्हतं. आयकं नही त्यासनी..." आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिला फुटलं.

मी खाटेवर बसले. नाना बसायचे तिथली नवार खचली आहे. कुठेही टेका, माणूस त्याच खळग्यात सरकतो. मोठी आईही येऊन बसली. आम्ही दोघी घसरत एकमेकींवर कलंडलो, आणि तशाच राहिलो.