मांडून ठेवलेली वाकळ

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. सखूआक्काचे. माझी थोरली बहीण. आईवडील पटकीच्या साथीत गेले तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो आणि आक्का नुकतीच विधवा होऊन माहेरी परतली होती. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात लोकांच्या वाकळा शिवून तिनं मला मॅट्रिक केलं, मग बी. ए. केलं. आमच्या घराण्यात त्याआधी कुणाला सही येत नव्हती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी तिच्यावर चिडलेला दिसेन, आणि ती चीडही खरीच आहे.

मी गाव सोडलं त्या दिवशी ती निपाणीच्या मोटारस्टँडवर मला पोचवायला आली होती. तंबाखूच्या वखारींचा उग्र वास अंगावर येत होता. कोल्हापूरच्या मोटारीच्या टपावर माझी पत्र्याची ट्रंक चढली. मला वाटलं होतं, आता आक्का डोळ्यांना पदर लावील. पण क्लीनरनं हँडल मारायच्या आधीच ती म्हणाली, "जातो मी. वाकळ मांडून आलोय. गंगव्वा एकटी बसलीया." आणि गेलीसुद्धा. मोटार सुटली तेव्हा स्टँडवर माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.

गावाकडच्या माणसांना वाकळ सांगायला नको. माझ्यासारख्या इकडं पुण्यात आलेल्यांच्या मुलांसाठी सांगतो. जुनं लुगडं जमिनीवर पसरायचं, त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे थरावर थर लावायचे, वर दुसरं लुगडं घालायचं आणि कडेपासून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं. आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात तिघी बसत. आक्का, शेजारची गंगव्वा आणि पिंजाऱ्याची हुसेनबी. गंगव्वा वाकळेला कानडीत कौदी म्हणे, आक्का वाकळच म्हणे, आणि दोघी एकाच दोऱ्याच्या रिळावर भांडत. कुणाचं धोतर कुठं लावायचं यावर हुसेनबीचा निकाल शेवटचा. "हे पाटलाचं हाय, लई मिरवलंय. घाला खालच्या थरात." मग तिघी हसून हसून सुया खाली ठेवत.

प्रत्येकीची बाजू ठरलेली होती. आक्काची दाराकडची. तिन्ही बाजूंनी टाके मधोमध येऊन भेटले की ते वाकळेचं पोट. त्यात भाकरीचा तुकडा घालून ते शिवून टाकत, कारण उपाशी वाकळ ऊब देत नाही. यापुढचा नेम मात्र मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. पुढची वाकळ मांडल्याशिवाय आधीच्या वाकळेचं पोट शिवायचं नाही, सोप्यातली जमीन एक दिवसही मोकळी ठेवायची नाही. त्यामुळं आमच्या घरी काम संपलं असं कधी झालंच नाही.

लहानपणी मला याची मौज वाटे. आता हाच नेम माझ्या जिवाला घोर लावून बसला आहे.

आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा ती कपाच्या शेजारी चहा ओतत होती. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. शस्त्रक्रिया केली तर नजर येईल, फार लांबवलं तर खात्री देता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी पुण्याहून पत्रावर पत्र पाठवतो. शाळेतले गुरुजी तिला ते वाचून दाखवतात आणि तिचंच उत्तर तिच्याच शब्दांत लिहून पाठवतात, "एवढी वाकळ हुंदे रं, मग येतो."

त्यात लढाई आली आणि कापड कंट्रोलात गेलं. पूर्वी ज्याचं जुनेर व्हायचं ते आता लोक ठिगळं लावून अंगात घालतात. तुकडे मिळेनात, म्हणून वाकळ महिनोन् महिने रेंगाळते, आणि आक्का तिच्याबरोबर. इथं पुण्यात शेजारणी जुनी धोतरं देऊन बोहारणीकडून वाट्या घेतात, ते पाहिलं की माझा जीव चडफडतो. एकदा मी चार घरांची जुनी धोतरं मागून पार्सलनं गावी पाठवली. वाटलं, वाकळ लवकर पुरी होईल. त्यांनी त्यात दुसरी मांडली! तिला मिरजेला नेण्यासाठी दोनदा मंजूर झालेली रजा मी परत केली. ऑफिसात साहेबसुद्धा विचारतात, "काय, झाली का तुमच्या बहिणीची गोधडी?" आणि सगळे हसतात. मीही हसतो. काय करणार?

गेल्या दिवाळीत घरी गेलो. दुपारी सोप्यात खांबाला टेकून बसलो होतो. गंगव्वानं सुई ओवली आणि न बोलता आक्काच्या हातात दिली. आक्कानंही ती न बोलता घेतली. थोड्या वेळानं आक्का दूध तापवायला आत गेली, तशी हुसेनबी सरकत तिच्या बाजूला आली आणि आक्काचे वाकडे गेलेले टाके भराभर उसवू लागली. गंगव्वा मागोमाग सरळ ओळ घालत होती.

मला राहवलं नाही. "तुम्ही दोघी मिळून तिला आंधळी करताय," मी म्हणालो. "सुई तुम्ही ओवणार, टाके तुम्ही सुधारणार, मग ती दवाखान्यात कशाला येईल?"

"हळू बोल रं," गंगव्वा म्हणाली. "ती आईकंल."

"तिचे डोळे गेले तर?"

"आमचे चार हायत की."

तेवढ्यात दारातून आक्काचा आवाज आला.

"उसवा, उसवा. मला कळत न्हाय व्हय? बोटाला लागतंय सगळं. सकाळी माझी ओळ एकीकडं, सांजच्याला दुसरीकडं."

हुसेनबीनं जीभ चावली. गंगव्वा म्हणाली, "मग इतके दिस बोलली न्हाईस ती?"

"बोललो आसतो तर तुम्ही उसवायचं थांबला असता."

तिघी हसायला लागल्या. मला हसू येईना. मी म्हणालो, "आक्का, तुला सगळं ठाऊक आहे, तर मग येत का नाहीस? शस्त्रक्रियेला भितेस?"

ती खाली बसली. हातानं चाचपत तिनं आपली सुई शोधली.

"कशाला भितो? महिनाभर गेलो तर ह्या बाजूला दुसरी कोण तरी बसंल. बसायलाच पायजे, वाकळ थांबत न्हाय. मग परत आल्यावर मी कुठं बसू? तू गेलास दत्तू. तुझ्या निजायच्या कोपऱ्यात आता काय हाय, बघ की."

मी बघितलं. वाकळेच्याही कामी न येणाऱ्या चिंध्यांची गाठोडी आढ्याला टेकली होती. आल्यापासून मी जोत्यावर निजत होतो आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

परतताना मी साऱ्या वाटेत धुमसत होतो. तिच्यावर, त्या दोघींवर, त्या नेमावर. पुण्यात आम्ही गावाकडची चार माणसं भेटलो की म्हणतो, घर आपली वाट बघत असतं. घराला एवढी सवड नसते. आपण उठलो की तिथं गाठोडी येतात, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. आपली जागा राहायची असेल तर कुणीतरी माणसानं ती धरून बसावं लागतं. मी शिकत होतो तोवर आक्का माझ्यासाठी तशी बसली होती. आता तिच्यासाठी कोण बसणार, याचा विचार करून मी काल हे पत्र टाकलं.

ती. आक्काच्या सेवेशी दत्तूचा साष्टांग नमस्कार.

गुरुजी हे मोठ्यानं वाचतील आणि गंगव्वा, हुसेनबी तिथं असतील, म्हणून तिघींनाच लिहितो. वाकळ पुरी होण्याची वाट मी आता बघणार नाही. मिरजेला दवाखान्याजवळ एक खोली घेतली आहे. जमीन सारवलेली आहे, पुरी वाकळ पसरेल एवढी. तुम्ही तिघींनी यायचं. वाकळ आहे तशी गुंडाळा, सुया टोचलेल्याच राहू द्या. गंगव्वाच्या म्हशीच्या दुधाची सोय लावायला आणि हुसेनबीच्या घरच्यांना सांगायला मी स्वतः येतो.

आक्का, डोळ्यांवर पट्टी असेतोवर तुला सुई धरता येणार नाही. त्या दिवसांत तू तुझ्या बाजूलाच अंथरूण घालून पडायचं. बाकी दोन बाजू मधोमध येऊन थांबल्या तरी थांबू देत. तुझ्या बाजूला कुणी टाका घालायचा नाही आणि कुणी बसायचं नाही. मी सबंध महिन्याची रजा काढली आहे, राखण करायला.

पट्टी सुटली की तुझी सुई तूच ओव. नाही ओवली गेली तर खुशाल माझ्यावर ओरड. पण ये.

तुझा,
दत्तू