मावशींचा हात आणि एक्केचाळीस नंबरची ज्वारी

अकोल्यात मी ज्वारीचे नवे वाण तयार करण्याच्या कामावर होतो, असं सांगितलं की लोक जरा आदरानं बघतात. आमच्या दर्यापूरकडच्या घरी मात्र या नोकरीचं वर्णन "ज्वारीच्या सोयरिकी जमवतो" असं व्हायचं. ते काही खोटं नव्हतं. एका वाणाचे परागकण दुसऱ्याच्या कणसावर झटकायचे, वर कागदी पिशवी घालायची, आणि पुढची आठ-नऊ वर्षं लेकरं कशी निघतात ते बघत बसायचं.

बघायचं काय, तर दाणा काळा पडतो का. आमच्याकडची ज्वारी पावसाळी. दाणा भरला की नेमका परतीचा पाऊस येतो आणि चांगलं भरलेलं कणीस बुरशीनं काळं होतं. याला कंटाळून आमच्या गावानं सोयाबीन धरलं. सोयाबीन विकलं जातं, पण त्याची भाकर होत नाही. काळीभोर शेतं असलेली घरं खायचं धान्य दुकानातून आणायला लागली, आणि मला त्याचा फार राग यायचा. पावसातही पांढरी राहणारी ज्वारी काढायची आणि ती परत घरोघरच्या ताटात आणायची, एवढी एकच जिद्द मी धरली होती.

शेतातली परीक्षा झाली की शेवटची परीक्षा तव्यावर. प्रत्येक वाणाचं पीठ वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर नुसता नंबर, म्हणजे कोणाचा वशिला नको. भाकरी करायला मावशी होत्या. पन्नाशीच्या, जवळच्याच खेड्यातून रोज एसटीनं येणाऱ्या. आम्ही पाच-सहा जण, त्यात जीपचा ड्रायव्हरसुद्धा, ओळीनं बसून मार्क द्यायचो. रंगाला, मऊपणाला, चवीला. परीक्षेच्या दिवशी ड्रायव्हर घरून डबा आणत नसे.

मावशींच्या हातची एकूण एक भाकर टम्म फुगायची. सगळ्याच नंबरांना भरभरून मार्क. मग मी सतरा नंबर निवडला, कारण त्याचं पीक सगळ्यात जास्त येत होतं आणि दाणा पावसातही पांढरा राहत होता. करून बघा म्हणून गावोगावच्या काही शेतकऱ्यांना बियाणं दिलं. एक पिशवी माझ्या मोठ्या भावालाही दिली.

दिवाळीनंतर मी ऐटीत घरी गेलो. ओसरीवर ज्वारीची पोती रचलेली बघून छाती फुगली. वहिनीनं ताट वाढलं तर त्यात गव्हाची पोळी.

"वहिनी, नव्या ज्वारीची भाकर काहून नाही?"

तिनं परात ओढली, पीठ मळलं आणि माझ्या डोळ्यांसमोर भाकर थापायला घेतली. काठ तडकले. उचलून तव्यावर टाकायला गेली तर हातात अर्धी आणि परातीत अर्धी.

"पाह्यली, भाऊजी? थापता थापता फाटते. पोरं हात लावत नाहीत. बैलाईले भरडून घालून राहिलो आमी."

"बैल मातर तुले लय दुवा देऊन राहिले," दादा म्हणाला.

मला हसू आलं नाही. आठ-नऊ वर्षांची मेहनत गोठ्यात गेली होती. आणि एकदा बैलांच्या वाट्याला गेलेली ज्वारी माणसाच्या ताटात परत आणणं किती अवघड, हे मला चांगलं माहीत होतं. पुढचा वाण आणून दिला तरी वहिनी त्याच्याकडे बघणार नव्हती.

अकोल्याला परत आलो तो सरळ मावशींपुढे उभा राहिलो. "सतरा नंबरची भाकर तुमच्याकडे फुगली आणि माझ्या घरी फाटली. ती कशी काय?"

मावशी अजिबात वरमल्या नाहीत. "सतरा? ते पीठ लय बदमाश हाये. त्याले उकळतं पानी लागते, मंग मुरू द्या लागते, अन् दोन्ही हातानं सावरत थापा लागते."

"मग हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं का कधी? अन् सायबाईच्या ताटात फाटकी भाकर वाढू का मी? माह्या हाताची काही इज्जत हाये का नाही?"

झालं! इतकी वर्षं आम्ही ज्वारीला म्हणून जे मार्क देत होतो, ते मावशींच्या हाताला मिळत होते. नंबर घातलेले डबे, वशिला नको म्हणून घेतलेली खबरदारी, सगळं जिथल्या तिथं होतं आणि मुसळ केरात. मी भडकलो. यात चूक त्यांची नाही हे कळत होतं, म्हणून जास्तच भडकलो.

मग फर्मान काढलं: सगळ्या पिठांना एकच साधं पाणी, सगळ्यांना सारखंच मोजून, कसलीही युक्ती नाही. मावशींनी मान डोलावली. तिसऱ्या भाकरीला बघतो तर त्यांची बोटं चहासाठी ठेवलेल्या गरम पाण्यात.

"हात आपसूक जाते, सायेब. मी काय करू?" त्या रडकुंडीला आल्या होत्या. मग थोडा विचार करून त्यांनीच तोड काढली. "तुमीच करा भाकरी. तुमच्या हाताले काहीच येत नाही."

म्हणून जन्मात पिठाला हात न लावलेला मी महिनाभर परातीपुढे बसलो. उरलेले सगळे डबे पुन्हा काढले. मावशी शेजारी हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. शिवायचं नाही असा नियमच होता. माझी भाकर फाटली की त्या "अरे देवा" म्हणून तोंड फिरवायच्या. बोटं भाजली. ड्रायव्हर घरून डबा आणायला लागला.

एक्केचाळीस नंबरचा डबा मी मागेच बाजूला टाकला होता. दाणा पावसात टिकायचा, पण पीक सतरापेक्षा बेताचं. त्याचं पीठ थापलं तर काठ फाटला नाही. भाकर उचलली तरी ती अख्खीच. तव्यावर टाकली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत फुगली. आनंदानं मी ओरडलो की काय, आठवत नाही. पण शेजारच्या खोलीतले आमचे मोठे साहेब धावत आले.

मावशींनी भाकर उलटीपालटी करून बघितली. "तुमच्या हातानं जमली म्हंजे नव्या नवरीलेबी जमन," त्या म्हणाल्या.

जास्त पिकाचा वाण सोडून कमी पिकाचा का, यावरून साहेबांशी माझा चांगलाच वाद झाला. मी एवढंच म्हटलं, की पोतं भरण्याइतकंच ते घरात खाल्लं जाणंही महत्त्वाचं आहे. शेवटी त्यांनी माझ्या हातची भाकर खाल्ली, हसले आणि एक्केचाळीसच्या मंजुरीवर सही केली.

पुढच्या हंगामात मी वहिनीला हातापाया पडून एक्केचाळीस पेरायला लावली. त्या वर्षी परतीचा पाऊस दणकून झाला, तरी ज्वारी पांढरी राहिली. मी गेलो तेव्हा वहिनीनं न सांगता ताटात भाकर वाढली. सोबत ठेचा. पोरं दुसरी भाकर मागत होती.

"वहिनी, मंग बैलाईले काय?" मी विचारलं.

"त्याईले सोयाबीनचं कुटार हाये. हे ज्वारी कायले देऊ?"

त्यातल्या दोन भाकरी मी फडक्यात बांधून अकोल्याला नेल्या आणि मावशींपुढे ठेवल्या. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, तुकडा मोडला, सावकाश चावला.

"या बाईच्या हाताले काही गुन नाही," मावशी म्हणाल्या, "पण ज्वारी चांगली हाये."

इतक्या वर्षांत ज्वारीला मिळालेले ते पहिले खरे मार्क. वहिनीला मात्र हे मी अजून सांगितलेलं नाही.