पाचव्या दिवशी सुतक सोडलेला कान्छा

आई गेली तेव्हा खगेंद्र अर्याल, घरातला कान्छा म्हणजे धाकटा, तिच्या उशाशीच होता, पण मांडीवर वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडं होतं. तिचा श्वास नेमका कधी थांबला ते त्याला कळलं नाही. हे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

दोन वर्षं त्याचं असंच चाललं होतं. पोखऱ्यात वनशास्त्राचं शिक्षण, आणि त्याच शहरात आईचं डायलिसिस. वर्गात बसला की मन हॉस्पिटलात, हॉस्पिटलात बसला की मन वर्गात. धड कुठलंच पदरात पडेना. पहिल्या वर्षाचा एक पेपर असा मानगुटीवर बसला की दोनदा देऊनही सुटला नाही. आता शेवटची संधी होती, आणि ती बरोब्बर आईच्या सुतकात आली.

वालिंगच्या वर डोंगरात त्यांचं घर. ओसरीच्या टोकाला शेणाने सारवून दोघा भावांना कोपरा करून दिला होता. डोक्याचा गोटा, अंगाला पांढरं कापड, खाली भाताचा पेंढा, आणि दिवसातून एकदा आपल्याच हाताने शिजवलेला तूपभात, तोही अळणी. तेरा दिवस त्यांना कुणी शिवायचं नाही आणि त्यांनी कुणाला शिवायचं नाही. मोबाइल तर थोरल्याने, तारानाथने, पहिल्याच दिवशी बंद करून बायकोच्या हवाली केले होते.

तारानाथ गावातली जीप चालवायचा. दोघांपैकी एकालाच शिकवणं जमणार होतं, तेव्हा त्याने स्वतःच शाळा सोडली होती. त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही, बोलायचा तो भलतंच. मंसिर महिन्यातल्या थंडीत ओली लाकडं धुमसत राहिली की दोघं आळीपाळीने फुंकर घालत, आणि हा म्हणे, "जंगलाचं शिक्षण घेतोस ना रे? मग वाळलेलं लाकूड कुठलं, एवढंसुद्धा ओळखता येत नाही तुला?" खगेंद्र हसायचा आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळायचा.

चौथ्या दिवशी पिंड घालून झाल्यावर त्याने पंडितबाजेंना विचारलंच, सुतक लवकर सोडता येईल का.

"पाच दिवसांत उरकता येतं," बाजे म्हणाले. "पलटणीतली पोरं उरकतात, तुलाही करून देतो. पण कान्छा, आईला अग्नी धाकट्याने द्यायचा असतो, आणि तो तू दिलायस. एकदा उठून मीठ तोंडाला लावलंस की परत इथे बसता येणार नाही. रात्रभर विचार कर."

विचार तारानाथनेच करून टाकला. "त्यात विचार कसला? तू जा."

"आणि तू, दाजू?"

"मी आहे की. दोघांच्या वाटणीचं मी बसतो. पेपर बुडाला तर आईलाच वाईट वाटेल."

आईला खरोखर काय वाटलं असतं, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण जाणाऱ्याला एवढा आधार पुरतो.

पाचव्या दिवशी बाजेंनी शुद्धी केली. भाउजूने, तारानाथच्या बायकोने, मीठ घातलेला डाळभात वाढला. खगेंद्रने खाली मान घालून तो खाल्ला, बॅटरी उतरलेला मोबाइल खिशात टाकला आणि पांढऱ्या टोपीत, पांढऱ्या कपड्यांत बस धरली. वाटेत त्याने चार प्रकरणं डोळ्यांखालून घातली. कित्येक महिन्यांनी वाचलेलं डोक्यात राहत होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

कॉलेजच्या फाटकापाशी वर्गातला बिपिन गुरुङ भेटला. पांढरे कपडे पाहून त्याने आधी हात जोडले.

"अरे, तू कशाला आलास? पेपर पुढे गेलाय. कर्मचाऱ्यांचा संप आहे. परवाच ग्रुपवर आलं होतं, बघितलं नाहीस?"

परवा मोबाइल भाउजूच्या पेटीत बंद होता. पेपर पुढे ढकलायला त्या विद्यापीठाला निमित्त लागतंच कुठे! एरवी पोरं ते गृहीतच धरून चालतात. याच वेळी खगेंद्रला ते सुचलं नाही. नवी तारीख तेराव्यानंतर कितीतरी दिवसांनी होती. तो फाटकापाशी खालीच बसला आणि सगळ्यांदेखत रडला. जाणारे-येणारे म्हणत होते, बिचाऱ्याची आई गेली.

हॉस्टेलच्या खोलीत त्याने दोन दिवस काढले. घरी जायचं तर पेपर दिल्यासारखं तरी जावं, म्हणून.

गावी पोचला तेव्हा तारानाथ एकटाच चुलीपाशी ओणवा होऊन फुंकर घालत होता. डोळे लाल, खोकला थांबत नव्हता, अंगात ताप आहे हे लांबूनही कळत होतं. खगेंद्रने पिशवी टाकली आणि त्याच्या हातातलं लाकूड घ्यायला वाकला.

तारानाथ झटकन मागे सरला. "शिवू नकोस रे मला. तू मीठ खाल्लंयस." आवाजात राग नव्हता. राग असता तर सोसला असता. "पेपर कसा गेला?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण समोर तो थंडीने कुडकुडत, उत्तराकडे डोळे लावून बसलेला.

"चांगला गेला, दाजू."

तारानाथचं तोंड उजळलं. त्याने घरात हाक मारली, "अगं, ऐकलंस का? कान्छाचा पेपर चांगला गेला." मग खोकत खोकत म्हणाला, "मग एकट्याने बसण्याचं काही नाही वाटत बघ."

तेराव्याला जेवायला आलेल्या प्रत्येकाला तो हेच सांगत होता. खगेंद्र खाली बघून भात वाढत होता.